भांडी कोण घासतं, असं विचारणारे साळवे सर

नगरच्या कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये इतिहासाच्या साळवे सरांची ओळख झाली. जीन्स घातली म्हणून प्राचार्यांनी एका विद्यार्थ्याला घरी पाठवले होते आणि सर त्याची बाजू मांडत होते. ही पँट मूळची मजुरांची, व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेतल्या खात्यापित्या घरांतल्या मुलांनी ती बंड म्हणून घातली आणि आता साऱ्या जगाची झाली, असे ते शांतपणे समजावत होते. मला वाटले, गृहस्थ चांगले आहेत, पण बोलतात फार.

हिप्पींच्या पिढीने अमेरिकेत मागे काय ठेवले, हा सरांचा अभ्यासविषय. जामखेडकडच्या बौद्ध घरातल्या माणसाला हे कुठले वेड, असे लोक विचारत. सर म्हणत, नाकारणे म्हणजे काय हे जुना धर्म सोडताना मी घरात पाहिले आहे, पोट भरलेल्यांनी काय नाकारले तेही बघू दे. नशेपायी कितीतरी जण वाया गेले, एकत्र राहण्यासाठी उभारलेल्या बहुतेक वसाहती मोडल्या, हे त्यांनी कधी लपवले नाही. पण केस कापून ती मुले घरी गेली तरी सवयी राहिल्या, असे ते सांगत. रासायनिक खताविना पिकवलेली भाजी, सहकारी किराणा दुकाने, योगाचे वर्ग, साहेबाला उलट प्रश्न विचारायची हिंमत. आम्ही माना डोलवायचो आणि चहा प्यायचो.

गेल्या वर्षी आमच्या लेकीने, अस्मिताने, कॅलिफोर्नियातली कॉम्प्युटरची नोकरी सोडली आणि हिप्पींच्या काळापासून तगून राहिलेल्या एका सामुदायिक शेतावर ती राहायला गेली. आमचे हे तिसगावचे, शेती सोडून सुप्याच्या कारखान्यात राबलेले. "मातीतनं बाहेर पडायला उभा जन्म घातला आमी, अन् ही अमेरिकेत जाऊन खुरपं धरती व्हय?" असे म्हणून त्यांनी लेकीशी बोलणेच टाकले.

मी सरांकडे जाऊन रडले. त्यांनी उपदेश केला नाही, तिथूनच अस्मिताला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि एकच विचारले, "पोरी, तिथं भांडी कोण घासतं?"

सगळ्यांचे वार लावलेत, ती म्हणाली, आणि तिने फोन मोरीकडे फिरवला. दोन दाढीवाले बाप्ये पातेली घासत होते. मला हसूच फुटले. सरांनी सांगितले, जुन्या वसाहतींत पुरुष स्वातंत्र्यावर बोलत बसायचे आणि बायका चुलीपाशी असायच्या. "ताई, इथं ते बदललंय. पोर शहाण्या माणसांत आहे." कित्येक महिन्यांनी मला मोकळा श्वास घेता आला.

मग सर आपणहून आमच्या घरी आले. यांना म्हणाले, तुम्ही शेती जिद्दीने सोडलीत, तिने आवडीने धरली. दोघांनीही आपल्या मनासारखेच केले. सर गेल्यावर यांनी लेकीशी बोलायला माझ्याकडे फोन मागितला.

सरांना पंच्याहत्तरावे लागले आहे. त्यांचे गुडघे कुरकुरायचे थांबोत, शुगर आटोक्यात राहो आणि आम्हाला त्यांचे बोलणे अजून पुष्कळ वर्षे ऐकायला मिळो. यापुढे ते बोलत असताना मी चहाकडे लक्ष देणार नाही. आत्ता हे लिहिताना बाहेर ओट्यावर आमचे हे फोनवर लेकीशी वाद घालताहेत, "रोप दाट लावू नको म्हनलं ना, कांदा पोसत न्हाई!" आणि मला काही फोन मिळत नाही.