शेवटच्या वाक्यावर खूण

लेक कायद्याच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिनं मला त्यातले दहा प्रश्न सोडवायला दिले. प्रत्येकात पाच-सहा वाक्यांचा युक्तिवाद आणि त्यातला मुख्य निष्कर्ष ओळखायचा. वीस वर्षं लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरणारी मी, पेन्सिल घेऊन ऐटीत बसले. आठ चुकले.

मी दरवेळी शेवटच्या वाक्यावर खूण केली होती. यात माझा काय दोष? नागपुरात आमच्याकडे येणारा माणूस चहा प्यायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा, आणि दारात चपला घालताना म्हणायचा, "आणि हो, एक राहिलंच." तो आलेला असायचा तेवढ्यासाठीच.

"आई, प्रत्येक सेंटेन्सला 'का' विचार," लेक म्हणाली. "बाकीचे सगळे ज्याचं रीझन देतात, ते कन्क्लूजन. ते कुठेही असू शकतं."

इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये जन्मलेल्या पोरीनं मला अक्कल शिकवावी, याचा थोडा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दर रविवारसारखा, बाबांना नागपूरला फोन लावला. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. डिसेंबरात येऊ का, असं मी दरवर्षी विचारते, ते नको म्हणतात, आणि तीन वर्षं मी गुणी मुलीसारखं ऐकत आलेय. खरं सांगायचं तर ते मला सोयीचंही पडत होतं.

फोन स्पीकरवर होता. बाबांनी मागच्या खोलीला रंग दिला होता. गीझर बदलला होता. खिडकीला डासांची जाळी लावून घेतली होती. नातीला आवडते तशी कॉफी शेजारच्या काकूंकडून शिकून घेतली होती. एवढं सांगून झाल्यावर म्हणाले, "पण प्रवास लांबचा, तुमची सुट्टी वाया जाईल. नकाच येऊ."

मी "बरं" म्हणणार, तेवढ्यात लेकीनं माझ्यापुढे कागद सरकवला. रंग, गीझर, जाळी, कॉफी असं तिनं एकाखाली एक लिहिलं होतं आणि प्रत्येकापुढे एकच शब्द होता, 'का?' शेवटच्या वाक्यावर तिनं काट मारली होती. मला स्वतःची फार लाज वाटली.

"बाबा, खोलीला रंग कशासाठी दिलात?"

ते म्हणाले, जुन्या रंगाचे पोपडे निघत होते.

"आम्ही येतोय," मी म्हटलं.

त्यावर त्यांनी मला माझी नोकरी, नातीची परीक्षा, विमानातलं अवघडून बसणं, सगळं ऐकवलं. परीक्षा नोव्हेंबरातच संपते, असं नातीनं मधेच सांगून टाकलं. मग बाबा "ठेवतो" म्हणाले, पण फोन काही ठेवला नाही.

"आणि हो," ते म्हणाले, "तुमच्या दुलया उद्याच उन्हात घालतो."