रहमतचाचांच्या वाट्याची माती

वहिनी गेल्याची बातमी मला नामपल्ली स्टेशनावर कळली. कोर्टाच्या कामासाठी गुलबर्ग्याला गेलो होतो. गाडीतून उतरतोय तोच समोर आमच्या गल्लीतले वकीलसाहेब उभे, डोळ्याला रुमाल. "गेल्या हो तुमच्या वहिनी... गल्लीची आई गेली!" दुःख नंतर झालं. आधी मस्तकात अशी तिडीक उठली की हातातली वळकटी त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटली. ज्या माणसानं त्यांना चोर ठरवलं, त्यानंच रुमाल घेऊन हे सांगायला यावं! महिना उलटून गेला, तिडीक गेलेली नाही. असे लेख शांत मनानं लिहावेत म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल लिहावेत.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, दादांच्या पत्नी. परभणीकडच्या शेतकऱ्याची लेक आमच्या मास्तर-कारकुनांच्या घरात आली. आमची गल्ली अंबरपेठेच्या खालच्या अंगाला, परसदारं मुसी नदीकडे. जुन्या मोठ्या पुरात निम्मी गल्ली वाहून गेली, तेव्हा वाचलेल्यांनी नदीच्या बाजूनं मातीचा पुश्ता, म्हणजे बांध, घातला. मृगाच्या आधीच्या रविवारी प्रत्येक घरानं आपल्या परसामागच्या पुश्त्यावर माती घालायची, हा तेव्हापासूनचा रिवाज. बायकापोरं, टोपल्या, आरडाओरडा, आणि शेवटी शेजारच्या रहमतचाचांच्या अंगणात सगळ्यांना लिंबाचं सरबत. एक गोष्ट मात्र कडक पाळायची. दुसऱ्याच्या वाट्यावर माती टाकायची नाही. टाकली तर त्याच्या घरात कर्ता माणूस उरला नाही, असं चारचौघांत म्हटल्यासारखं होई. पहिल्याच वर्षी मला धापा टाकताना बघून वहिनी म्हणाल्या होत्या, "भाऊजी, तुमच्या घरात तोंडं दणकट आहेत सगळ्यांची. हात कुणाचे आहेत का ते बघायला आलेय मी!"

रझाकारीच्या दिवसांत रहमतचाचा आमच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत. "पहले मेरे कू पूछो, फिर अंदर जाओ," असं त्यांनी कितीजणांना सुनावलं, ते आम्ही आतून ऐकलंय. पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि दिवस फिरले. मग वहिनी त्यांच्या दारात जाऊन बसल्या. पण त्यांची मुलं कराचीला निघून गेली होती, म्हातारा एकटा किती दिवस तग धरणार? शेवटी तेही कराचीला निघाले, तेव्हा आमच्या दारात थांबले. घराबद्दल अवाक्षर नाही. एवढंच म्हणाले, "मेरे हिस्से पो मट्टी डालते रहना, बेटी." वहिनींनी मान हलवली.

पुढच्या मृगाआधी वहिनींनी आधी आपला वाटा पुरा केला आणि टोपली घेऊन सरळ चाचांच्या वाट्यावर चढल्या. गल्ली जागच्या जागी थिजली. एक तर रिवाज मोडला. त्यातून देश सोडून गेलेल्याचं म्हणून घराला सरकारी कुलूप. कुजबुज सुरू झाली: बाई माती टाकतेय म्हणजे उद्या हक्क सांगणार, घर गिळायचा डाव आहे. कमाल आहे! ज्यांच्या डोळ्यांपुढं ते घर दिवसरात्र नाचत होतं, त्यांनाच हा डाव सुचला. वहिनी माती टाकत राहिल्या. मी चिडलो की म्हणायच्या, "पाण्याला काय कळतंय घर कुणाचं ते? ते खाली बघून येतं."

दोन-तीन पावसाळे असे गेले. मग गेल्या वर्षी वकीलसाहेब कचेरीत जाऊन सांगून आले की परक्याच्या मिळकतीत घुसखोरी चाललीय. मृगाच्या तोंडावर शिपाई आला. त्या जागेवर पाऊल टाकलं तर दादांची नोकरी जाईल, असं सगळ्यांसमोर बजावून गेला. वहिनी मातीनं भरलेली टोपली खाली ठेवून घरात आल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी वकीलसाहेबांना जाब विचारायला गेलो, तर मलाच समजावू लागले. "वरती एवढे मोठे तलाव बांधलेत, आता कसला पूर? जरा मोठा विचार करा. प्रांतरचना होणार, मराठी माणूस एक होणार!" घ्या! भाषणात सगळा मुलूख एक करायचा, आणि शेजारच्याच्या वाट्यावर टोपलीभर माती टाकायला हात उचलत नाही.

भाद्रपदात तलावांची दारं उघडली. भर दुपारी मुसी चढली आणि चाचांच्या खचलेल्या वाट्यातून आत घुसली. बाकीच्यांनी आपापले वाटे चढाओढीनं उंच केलेले. आता त्यांनीच पाणी अडवलं, पण आतल्या बाजूनं! बाहेर जायला वाटच नाही. गल्लीची विहीर झाली. वकीलसाहेब कोर्टात होते. त्यांच्या म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन गळ्याइतक्या पाण्यातून कोण बाहेर आलं, हे मी लिहायला नको. संध्याकाळपर्यंत वहिनी ओल्या लुगड्यात एकेक घर रिकामं करत होत्या. नंतर जो खोकला लागला तो हिवाळाभर गेला नाही. चैत्रात त्याच खोकल्यानं त्या गेल्या.

तेराव्याला शोकसभा झाली. मुख्य भाषण अर्थातच वकीलसाहेबांचं. 'त्यागमूर्ती' हा शब्द त्यांनी इतक्यांदा वापरला की माझे कान किटले. खिंडार पडलेल्या जागेला वहिनींचं नाव द्यायचं असा ठराव झाला, टाळ्या झाल्या. दादा मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, अक्कल आली.

परवा मृगाआधीचा रविवार होता. सगळी गल्ली टोपल्या घेऊन उतरली. खिंडार जसंच्या तसं. प्रत्येकजण आपापल्या परसामागं. मी ओरडलो, "अहो, इकडं कोण येणार?" कुणीतरी शांतपणे उत्तर दिलं, "तो वहिनींचा वाटा ना! त्याच्यावर आपण माती टाकणं बरं दिसत नाही."

मेलेल्या बाईच्या नावावर केलं त्यांनी ते खिंडार! आधी चाचांचं होतं म्हणून नाही, आता वहिनींचं आहे म्हणून नाही. मी काय काय बोललो ते इथं छापता यायचं नाही. दादा आणि मी दिवस मावळेपर्यंत माती ओढली. वकीलसाहेबांची आई काठी टेकत आली, पदरातून आणलेली ओंजळभर माती तिनं खिंडारात टाकली आणि लेकाकडं न बघता घरी गेली. बाकी कुणी हललं नाही.

सकाळी चहा झाला की वहिनी परसदारात उभ्या राहून नदीकडं बघायच्या. आता दादा उभे राहतात, चहा हातात तसाच निवतो. आम्हा दोघांचं वय झालंय, खिंडार अजून कमरेइतकं खोल आहे आणि आभाळ भरून आलंय. वाचणाऱ्यांपैकी कुणी अंबरपेठेकडं राहत असेल, मलकपेठेतून येणं जमत असेल, तर फुलं आणू नका, शोक करू नका. टोपली घेऊन या. वाटा कुणाचा, एवढं मात्र विचारू नका.