मोहाखालची कोरडी जागा

तुमसरच्या बाजारात मोहफुलांचा वास आला, की बाबांना माती दिली तो दिवस आठवतो. स्मशानात आमच्या बौद्ध वस्तीला नेमून दिलेल्या कोपऱ्यात उन्हाळी धानाचे पाणी झिरपून चिखल झाला होता, म्हणून आईने उंचवट्यावरची मोहाखालची जागा निवडली. गावचे पाटील आडवे आले.

“बाई, तुमची जागा खाली हाये.”

“जिंदगीभर तुमच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवला त्याईनं. आता चिखलातच निजवू काय? खोदा रे पोट्टेहो!”

खड्डा मोहाखालीच खोदला गेला.

मेलेल्यालाही खालीच पाठवू पाहणाऱ्यांचा राग अजून निवलेला नाही. त्याहून अधिक राग माझ्या हातांचा येतो. आई बोलत होती, तेव्हा ते पाटलांपुढे जोडलेले होते.