भिंतीचं व्रत

निजामाच्या राज्यातले ते दिवस. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती, तेव्हा सासूबाईंच्या डाव्या छातीत गाठ निघाली. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. जालन्याच्या दवाखान्यात ती बाजूच काढावी लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव मामंजींना बाजूला नेऊन सांगितलं. आत्याबाईंनी ते दाराआडून ऐकलं आणि मला म्हणाल्या, नाव काही का असंना, मुळासकट गेलं का तेवढं इचार.

घरी जायची परवानगी मिळाली, तेव्हा नर्सबाईंनी मला समोर बसवून अर्ध्या उर्दूत, अर्ध्या मराठीत पढवलं. पट्टी कशी बदलायची, कापड किती उकळायचं. आणि रोज भिंतीसमोर उभं राहून डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर कशी चढवायची. काल जिथवर पोचली, त्याच्या थोडं वर आज. नाहीतर खांदा आखडेल.

गाडीत जाड गवत पसरून, वर गोधड्या घालून आम्ही निघालो. अंबडला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी घनसावंगीजवळच्या आमच्या गावी पोचलो. गाडी मामंजी हाकत होते. वाटेत गचका बसला की आत्याबाई बैलांना नाही, मामंजींना बोलायच्या.

डोक्याला खरा ताप घरी सुरू झाला. रोज दुपारी बाया भेटायला येत, डोळ्याला पदर लावून बसत. शेजारच्या काकू त्यात पुढे. कुणाला कुठं गाठ आली होती आणि तो माणूस कसा गेला, हे त्या इतकं बारीकसारीक सांगत की आत्याबाईंना मग रात्रीची भाकर जात नसे.

भिंतीचा सराव मात्र चालू होता. कोळशाने खूण केली तर पांढऱ्या मातीने सारवलेली भिंत खराब होईल, म्हणून त्यांची बोटं पोचतील तिथे मी रोज कुंकवाचं बोट लावत होते. आठवड्यात ओसरीच्या भिंतीवर कुंकवाची ओळ चढली. काकूंनी ती पाहिली, आधी हात जोडले आणि मग हे काय म्हणून विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई बोलल्या.

"व्रत हाय. दवाखान्यातून घेऊन आले. पण लई कडक. भिंतीला बोटं लावली की खाली येईपर्यंत बोलायचं न्हाई. आन् त्या घरात मेलेल्या माणसाचं नाव काढलं, की सगळं फुकट."

दुसऱ्या दिवशी काकू कुंकवाचा करंडा घेऊनच आल्या. चार दिवसांनी भिंतीला पाच बाया उभ्या होत्या, बोटं वर, तोंडं बंद. आत्याबाई एका टोकाला. हसू दाबताना त्यांचं अंग गदगदा हलायचं. बाया गेल्यावर मला म्हणाल्या, बघ, खांदा कसा बराबर हलून राह्यला.

काकूंचा उजवा हात कित्येक वर्षं खांद्याच्या वर जात नव्हता. महिन्याभरात त्यांनी फडताळावरचा डबा स्वतः काढला. मग त्यांनी आमच्या भिंतीला नारळ फोडला. त्यातलं खोबरं आत्याबाईंनी बिनदिक्कत खाल्लं. माझ्या मात्र घशाखाली उतरलं नाही.

व्रताची बातमी रानात पोचली. आमच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवणाऱ्या धनगरांची एक तरुण बाई आली. बाकीच्या गेल्या तरी ती थांबली. व्रताने गाठ किती दिवसांत विरघळते, असं तिने हळूच विचारलं आणि आत्याबाईंचा हात धरून आपल्या काखेशी नेला.

आत्याबाईंचा चेहराच उतरला. त्यांनी मला दार लावायला सांगितलं. मग स्वतःची चोळी सोडून तिला ती जागा दाखवली. माझ्याशिवाय घरात कुणीच ती पाहिली नव्हती.

"हे व्रत न्हाई, बाई. मी लबाडी केली," त्या म्हणाल्या. "ही नुसती हाताची कसरत हाय. गाठ भिंतीनं जात न्हाई. तू दवाखान्यात चल, मी संगं येते."

नवऱ्याला विचारावं लागेल, असं ती म्हणाली. आत्याबाई त्याच संध्याकाळी मेंढरांच्या वाड्यावर गेल्या आणि तो हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. सकाळी निघण्यापूर्वी त्यांनी काकूंनाही खरं सांगून टाकलं, म्हणजे अजून कुणी भिंतीच्या भरवशावर राहायला नको. काकूंनी तीन दिवस आमच्या घराकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी आल्या आणि काही न बोलता भिंतीला उभ्या राहिल्या.

दवाखान्यात त्या धनगर बाईचीही गाठ काढली. तिला परत आणल्यावर आत्याबाईंनी आपल्याच घरी ठेवून घेतलं, पट्ट्या मी बदलत होते. भेटायला येणाऱ्यांना आत्याबाई दारातच अडवायच्या, रडायचं असलं तर घरून रडून या म्हणायच्या. तिला छपराखाली झोप लागेना, म्हणून तिचं अंथरूण अंगणात घातलं. पंधराव्या दिवशी ती चालत वाड्यावर गेली.

आत्याबाई पुढं सात वर्षं जगल्या. मी गाव सोडलं तेव्हा ती धनगरीण अजून मेंढरांमागे हिंडत होती.