घाटंजीच्या बाजारात आलेले परकीय चलन

घाटंजीला कनिष्ठ महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो. परदेशी पर्यटक आले की चलन येते, चलन आले की रोजगार वाढतो, रोजगार वाढला की देश वर येतो, हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर बाण काढून सांगत आलो. परदेशी पर्यटक मात्र डोळ्यांनी पाहिला नव्हता. होळीच्या सुमारास, नेमका बाजाराच्या दिवशी, तो योग आला.

टिपेश्वरच्या जंगलातून परतणारे एक डच नवरा-बायको, दोघेही साठीपुढचे, आमच्या घरासमोर अडकले. गाडीचे चाक पंक्चर, स्टेपनीत हवा नाही. ड्रायव्हर चाक घेऊन दुकान शोधायला गेला आणि हे दोघे उन्हात उभे.

"अहो, पाहत काय बसले? घरात बोलवा ना त्याईले," बायको म्हणाली.

बोलावले. वाघ दिसला का, विचारले. नाही दिसला. त्याची भरपाई म्हणून बायकोने तर्री-पोहे पुढे केले. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले, पण बशी त्यांनी पुसून खाल्ली. मग बाजार पाहायचाय म्हणाल्या. मी मनात म्हटले, आता देश वर येणार.

बाजारातली निम्मी गिऱ्हाइके भाजी सोडून आमच्या मागे चालू लागली. बाईंना बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा आवडली. साहेबांनी पाकीट काढले, तशी विकणाऱ्या आजींनी हात मागे घेतला.

"पाहुन्याचे पैसे घेतात काय जी? नेऊ द्या त्याईले."

"आजी, घ्या. देशाचा फायदा आहे," मी हळूच म्हटले.

"देशाचं तुमी पाहा. मले लोकं काय म्हनतील?"

चहावाल्याने तेच केले. एका शेतकऱ्याने तुरीची डाळ पिशवीत घालून दिली. तेवढ्यात माजी सरपंच शाल-नारळ घेऊन हजर. "यांच्या पावलांनी तालुक्यात विकास आला आहे," असे त्यांनी भाषण केले. मी भाषांतर केल्यावर साहेबांनी दचकून पायांकडे पाहिले. बुटाला शेण लागले होते.

पैसे घेतले फक्त पंक्चरवाल्याने, तेही माझ्याकडून. "सर, तुमचे पाहुने हायेत म्हने," तो म्हणाला. मी पाकीट काढले.

निघताना साहेबांनी माझा हात धरला. "आमचं काही चुकलं का? इथे कोणी पैसेच घेत नाही," ते खरेच काळजीने म्हणाले. चुकले नाही, आमच्याकडे पाहुण्यांचे असेच असते, एवढे मी सांगितले. अर्थशास्त्राच्या माणसाला हे शोभत नाही, पण सांगितले.

पुढच्या आठवड्यात चहावाल्याच्या टपरीवर नवी पाटी लागली होती: 'इंटरनॅशनल टी सेंटर'. मी नेहमीसारखे पैसे ठेवले.

"सर, आता भाव वाढला."

"काहून?"

"विदेशी लोकं चहा पिऊन गेले न इथं."

"त्यांना तर तू फुकट पाजला!"

"हो ना," तो फडके पिळत शांतपणे म्हणाला, "मंग ते कोनाकून काढू?"