पुलावरच्या बाईचा लाकडी बूट

नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या एका गावात कालव्याचा पूल रिक्स्ट उचलायची. बोट आली की रस्त्याचं फाटक पाडायचं आणि गळाच्या काठीला टांगलेला लाकडी बूट नावाड्यापुढं टोलसाठी सोडायचा. अख्ख्या गावाला थांबवणाऱ्या या बाईला घरात मात्र नऊ वर्षांची हिस्के थांबवता येत नसे. पोर स्वमग्न. बिनसलं की भिंतीवर डोकं आपटायची, आईचा हात चावायची.

दवाखान्यातल्या संशोधनात तिला औषधाचे थेंब सुरू झाले आणि घर शांत झालं. पण औषध देणाऱ्याचा हात जवळ आलेला तिला खपत नसे. मग रिक्स्टनं तसाच एक जुना बूट घरी आणला. त्यात सफरचंदाच्या गराची वाटी, गरात थेंब, आणि लांबून काठी पुढं.

"बोट आली, टोल काढा!" तिचा नवरा दुर्क ओरडायचा.

पण थेंबांनी भूकही वाढली. हिस्के फुगत चालली. आता थेंबांवाचून भागतं का, ते बघायचं होतं.

"निम्म्या मुलांना हेच थेंब, निम्म्यांना हुबेहूब तसेच, पण औषधाविना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाला कुठले, ते तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही. बिघडलं तर फोन करा, नेहमीचं औषध परत सुरू करू."

तेव्हापासून दार आपटलं तरी रिक्स्ट हिस्केकडे धाव घ्यायची. दुर्कनं नवी बाटली हुंगून पाहिली. जुनी कधी हुंगली असती तर उपयोग होता!

हिस्केच्या वाढदिवसाला दुर्कची आई भल्या सकाळी हजर. "सणासुदीला तो कळकट बूट शोभतो का गं?" म्हणत तिनं तो आदल्या संध्याकाळी आपल्या घरी नेऊन लालभडक रंगवून आणला होता. रिक्स्टनं बिचारीचं कौतुकही केलं.

तिकडच्या रीतीप्रमाणे पाहुणे गोलात बसून एकमेकांचं अभिनंदन करत होते. रिक्स्टनं काठी पुढं केली. हिस्केनं किंकाळी फोडली, वाटी भिरकावली, भिंत गाठली. रिक्स्टनं मध्ये हात घातला, तर हिस्के त्याला कडकडून चावली.

रिक्स्टनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "पाणीच देताय तुम्ही माझ्या पोरीला! काढा तिला या संशोधनातून!"

"आज दुसरं काही बदललं का?"

"काही नाही! थेंबच!"

तेवढ्यात टेबलाखालून खरखर ऐकू आली. बूट मांडीवर घेऊन हिस्के नखांनी लाल रंग खरवडत होती.

"थांबा जरा, डॉक्टर." रिक्स्टनं फोन उघडाच ठेवला, पॉलिशपेपर काढला आणि टेबलाखाली शिरली.

"अगं, माझा रंग!"

"आई, पुढच्या वर्षी तू केक रंगव," दुर्क म्हणाला.

खालचं जुनं लाकूड दिसल्यावर त्याच थेंबांची नवी वाटी आली, काठी पुन्हा पुढं झाली. बूट हवेत हेलकावत होता. हिस्के त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं वाटी उचलली, चाटूनपुसून साफ केली आणि बुटात परत ठेवली.

"हॅलो? काय करू? बाहेर काढू?" फोनमधून आवाज आला.

रिक्स्टनं चावलेल्या हातानं फोन उचलला. "नको... अजून नको." मग घाईघाईनं, "पण तुम्ही इतक्यात फोन ठेवू नका हं."