रेवतीची लाइन कुठली?

मंगळवारी इथल्या एका आस्पत्रीत, म्हणजे इस्पितळात, मी भांडले. चांगलं खणखणीत भांडले... अजून डोकं तापलेलं आहे, म्हणून सांगते. मला लिहायला फारसं येत नाही. मी बोलते, फोन लिहितो.

रेवती माझी नात. जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून आम्ही लाडू वाटले. मोठी झाली आणि म्हणाली, आजी, मी मुलगी आहे. मला तर आनंदच... तीन मुलगे वाढवले, वेणी घालायला घरात एक डोकं मिळालं नव्हतं! आता रोज घालते, वर मल्लीचा गजरा. केस काय सुंदर आहेत, माझ्यावर गेलेत.

पण गेले काही महिने पोर जेवेना, झोपेना. एकदा म्हणाली, "मी नसलेलीच बरी." फार मनवलं, तेव्हा कुठे मनाच्या डॉक्टरकडे यायला कबूल झाली.

आस्पत्रीत बायकांची लाइन वेगळी, पुरुषांची वेगळी. आम्ही दोघी बायकांच्या लाइनीत. तर वॉचमनने तिला दंडाला धरून बाहेर काढलं. "ए, तू तिकडे!" तिकडे गेली तर पुरुष खिदळले, एकाने शीळ घातली. स्वतः दुखणं घेऊन आलेला माणूस... आणि शीळ?

रेवती खाली बघत म्हणाली, "आजी, घरी जाऊ या." मला कळलं, आज ही परत फिरली तर पुन्हा कुठल्याच डॉक्टरकडे यायची नाही.

मग मीच पदर खोचून पुरुषांच्या लाइनीत तिच्या मागे उभी राहिले.

वॉचमन धावत आला. "पाट्टी, तुम्ही लेडीज लाइनला जा." पाट्टी म्हणजे इथल्या तमिळमध्ये आजी... मला मान, आणि माझ्या नातीला "ए"!

"का रे? ती तुला पुरुष दिसते ना? मग मलाही मिशा आहेत, नीट बघ!"

लाइन पुन्हा हसली, पण आता त्याला. तेवढ्यात बायकांमधून पापनाशम गावाहून आलेली एक बाई, कडेवर पोर, ओरडली, "पाट्टी, दोघी इकडे या, माझ्यापुढे उभ्या राहा." आम्ही गेलो. तिच्या पुढचीने मात्र अंग चोरून घेतलं. घेऊ दे.

आत डॉक्टरीणबाई होत्या, तरण्याच. त्यांनी रेवतीलाच विचारलं, "आजींना आत बसवू की बाहेर?"

रेवती म्हणाली, "बाहेर."

घ्या! एवढं भांडून मी बाहेर... त्याचाही राग आला, खोटं कशाला बोलू. पण दाराआडून तिचं रडणं ऐकू आलं आणि मला उमजलं. माझ्यासमोर तिला असं रडता येत नव्हतं. मी घाबरेन म्हणून पोर गिळत होती सगळं.

बाहेर आली, डोळे लाल. म्हणाली, "आजी, भूक लागली."

समोरच्या हॉटेलात दोसा खाल्ला. मग माझ्या पानातला अर्धाही तिने उचलला... मी अर्धपोटी राहिले आणि पोट भरलं.

डॉक्टरीणबाई, पापनाशमची बाई, तुम्हा दोघींचं भलं होवो. पण राग गेलेला नाही. रडायला दार मिळावं म्हणून माझ्या पोरीने आधी शीळ का ऐकायची? पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. लाइन कुठली, ते मला कुणी सांगू नये.